ट्रॅव्हल ट्रेलरच्या बेडरूममध्ये सामान कसं लावायचं

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, बघायला गेलात की विक्रेता एक गोष्ट हमखास करून दाखवतो. बेडरूममध्ये नेतो, पलंगाच्या पायथ्याचा पट्टा धरून वर ओढतो, गादी फळीसकट अलगद वर जाते आणि खाली भलीमोठी रिकामी पेटी दिसते. मुंबई-पुण्याच्या वन बीएचकेत वाढलेला माणूस तिथेच विरघळतो. घरच्या दिवाणात पाहुण्यांच्या गाद्या, जुन्या वह्या, लग्नात आलेली भांडी असं सगळं वर्षानुवर्षं मावत आलंय, तसंच इथेही मावेल असं त्याला वाटतं.

मावतं, हे खरं. पण घरचा दिवाण जागचा हलत नाही. ही खोली हायवेवरून ताशी साठ मैलांनी धावते, खड्ड्यांत आपटते, थंडीत घामेजते, आणि तिच्यातल्या पौंडापौंडाचा परिणाम शेवटी ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकांवर होतो. घरात आपण जागा संपली की थांबतो. ट्रेलरमध्ये जागा संपायच्या कितीतरी आधी वजनाची मर्यादा संपते. म्हणून डबे आणि ऑर्गनायझर विकत घ्यायला सगळ्यात शेवटी जायचं. तोवरची कामं या क्रमाने करा.

इथे मी गाडीच्या मागे हिचवर (जोडणीच्या आकड्यावर) जोडायच्या, साधारण वीस ते तीस फुटी ट्रेलरबद्दल लिहितेय: मध्ये क्वीन पलंग, दोन्ही बाजूंना अरुंद कपाटं, उशाच्या वर आडवं कपाट. बहुतेक नवखी मंडळी याच मांडणीचा ट्रेलर घेतात.

दारावरचं पिवळं स्टिकर

ट्रेलरच्या दाराच्या आतल्या बाजूला किंवा दाराजवळ एक पिवळं स्टिकर असतं. सामानाचं वजन किती पौंडांच्या आणि किती किलोंच्या वर जाता कामा नये, ते त्यावर लिहिलेलं असतं. हा आकडा तुमच्या हातातल्या ट्रेलरचा असतो, जाहिरातीतला नव्हे. एकाच मॉडेलच्या दोन ट्रेलरांचे आकडे वेगळे निघतात, कारण एखाद्यावर कारखान्यातूनच दुसरा एसी किंवा दारावरचं मोठं कापडी छत बसून आलेलं असतं. त्याच स्टिकरवर पाण्याची टाकी पूर्ण भरली तर तिचं वजन किती होईल तेही दिलेलं असतं, कारण पाणी सामानातच धरतात.

समजा, तुमचा आकडा 1,200 पौंड आहे आणि टाकी 40 गॅलनची. एक गॅलन पाणी 8.3 पौंड, म्हणजे भरलेली टाकी 332 पौंडांची. उरले 868. त्यातून नंतर बसवलेली बॅटरी, पाण्याचे आणि सांडपाण्याचे होस, चाकांखालच्या फळ्या, खुर्च्या, शेगडी, भांडी, हत्यारं, किराणा हे सगळं वजा करा. बेडरूमच्या वाट्याला दीडशे-दोनशे पौंड आले तरी पुष्कळ झालं.

दोन माणसांच्या कपड्यांना आणि पांघरुणांना एवढं पुरतं. गणित बिघडतं ते आपल्या किराण्यामुळे. इंडियन ग्रोसरीतून 20 पौंडांची कणीक आणि 20 पौंडांचा तांदूळ आणायचा, स्वयंपाकघरात जागा नाही म्हणून तो पलंगाखाली ढकलायचा, शेजारी बाटलीबंद पाण्याचे दोन क्रेट. झाले की शंभराच्या वर. शिवाय बेडरूममध्ये धान्य म्हणजे उंदरांना आवतण. कणीक-तांदूळ आठवड्यापुरता डब्यात घ्या. डेन्व्हर असो की फिनिक्स, वाटेत दुकानं लागतात.

मोजायला घरचा साधा वजनकाटा चालतो. आधी नुसतं उभं राहायचं, मग भरलेला डबा हातात घेऊन. डब्याच्या झाकणाला मास्किंग टेप लावून वजन लिहून ठेवा. पहिल्या खेपेला हे काम कंटाळवाणं वाटतं, पण पुढे वर्षानुवर्षं तोच आकडा उपयोगी पडतो.

पलंग पुढे आहे की मागे?

सामान लावण्याबद्दलचे बहुतेक सल्ले हा प्रश्नच विचारत नाहीत. माझ्या मते तो सगळ्यात महत्त्वाचा आहे.

ट्रेलर म्हणजे चाकांच्या आसावर टेकलेली तरफ. आसाच्या पुढे ठेवलेलं वजन हिचवर दाब वाढवतं, मागे ठेवलेलं तो दाब कमी करतं. हिचवरचा हा भार, ज्याला सगळे टंग वेट म्हणतात, तो भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के असावा. ट्रेलर 6,000 पौंडांचा असेल तर 600 ते 900 पौंड. कमी पडला तर ट्रेलर मागे झुलायला लागतो, शेजारून मोठा ट्रक गेला की शेपटीसारखा हलतो, आणि तो झोल वाढत गेला तर गाडी हातात राहत नाही. जास्त झाला तर गाडीचा मागचा भाग बसतो, पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो, स्टीअरिंग हलकं लागतं.

आता बेडरूम. समजा आसापासून हिच 15 फुटांवर आहे. पलंग पुढच्या बाजूला, आसाच्या 10 फूट पुढे असेल, तर त्याखाली ठेवलेल्या 100 पौंडांपैकी सुमारे 67 पौंड थेट हिचवर येतात. तिथे गॅसच्या टाक्या आणि बॅटरी आधीच बसलेल्या असतात. तेच 100 पौंड मागच्या बेडरूममध्ये, आसाच्या 8 फूट मागे ठेवले, तर हिचवरचा भार साधारण 53 पौंडांनी कमी होतो. सामान तेच, वजन तेच, पण एका ट्रेलरात हिचवर भर आणि दुसऱ्यात तूट.

म्हणून पुढच्या बेडरूमवाल्यांनी आपल्या पिकअप किंवा एसयूव्हीच्या दारावरचा पेलोडचा, म्हणजे गाडी स्वतःवर किती वजन वाहू शकते त्याचा, आकडा बघावा. टंग वेट त्याच आकड्यातून जातं, गाडीत बसलेली माणसं आणि कुत्राही त्यातूनच. मागच्या बेडरूमवाल्यांनी पलंगाखाली फक्त मऊ आणि फुगीर वस्तू ठेवाव्यात. हत्यारांची पेटी, जनरेटरचं तेल, डब्यातले पदार्थ तिथे नकोतच. दोघांसाठीही जड सामानाची जागा आसाच्या आसपास, जमिनीलगत. ती बहुधा बेडरूममध्ये नसतेच, जेवणाच्या बाकाखाली असते.

सामान लावून झालं की एकदा ट्रकस्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर, जोडलेला ट्रेलर घेऊन जा. गाडीची पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं वेगवेगळ्या पट्ट्यांवर उभी राहतात आणि हातात छापील चिठ्ठी येते. नुसत्या अंदाजावर समाधान मानू नका.

गादी उचला आणि आधी नुसतं बघा

पलंगाची पेटी रिकामी दिसली तरी ती पूर्णपणे तुमची नसते. साठ बाय पंचाहत्तर इंचांची फळी, खाली चौदा इंच उंची धरली तर छत्तीस-सदतीस घनफूट जागा भरते. पण टॉर्च घेऊन आत वाकलात की त्यातले वाटेकरी दिसायला लागतात. एका कोपऱ्यात पाण्याचा पंप, त्याला जोडलेल्या लाल-निळ्या नळ्या. कुठे ताज्या पाण्याची टाकीच तिथे. कुठे भट्टीची, म्हणजे ट्रेलरच्या हीटरची, गरम हवा नेणारी, हाताच्या दाबाने चेपणारी चंदेरी नळी. काही ट्रेलरांत विजेचा कन्व्हर्टर. आणि पुढच्या बेडरूममध्ये पेटीचा अर्धाअधिक भाग बाहेरून उघडणाऱ्या पास-थ्रूने घेतलेला असतो, म्हणजे ट्रेलरच्या या कुशीपासून त्या कुशीपर्यंतचा आरपार कप्पा.

या सगळ्याचे फोनवर फोटो काढून ठेवा. मग एका माणसाने नळ उघडायचा, दुसऱ्याने पंप चालू असताना नळ्यांच्या जोडांवरून कोरडा टिश्यू फिरवायचा. ओला झाला तर आधी गळती, मग सामान. नव्या ट्रेलरचेही जोड सैल निघतात, त्यामुळे ही तपासणी सोडू नका.

पंपाभोवती हात जाईल एवढी जागा आणि हिवाळ्यात अँटिफ्रीझ (नळ्या गोठू नयेत म्हणूनचा द्रव) घालायचा व्हॉल्व्ह मोकळा ठेवायचा. सामान सरकून तिथे येऊ नये म्हणून दोन इंच उंचीची लाकडी पट्टी तळाला आडवी स्क्रू केली की काम होतं. तळाच्या खाली काय आहे ते बघूनच स्क्रू मारा; टाकी असेल तर पट्टी चिकटवा. भट्टीच्या नळीवर काहीही टेकू देऊ नका: चेपली की बेडरूम गार पडते आणि आपण उगाच भट्टीला दोष देत बसतो. कन्व्हर्टरला हवा लागते. त्याच्यासमोर रजई कोंबणं म्हणजे तापणाऱ्या वस्तूला पांघरूण घालणं.

फळी वर धरून ठेवणारे गॅस स्ट्रट हाही सतत त्रास देणारा भाग. कारखान्यातून आलेली गादी पातळ आणि हलकी असते, स्ट्रट त्याच वजनाला बेतलेले असतात. तुम्ही वर दहा-बारा इंची मेमरी फोमची गादी टाकली की फळी वर थांबत नाही. शिवाय थंडीत आतल्या वायूचा दाब उतरतो, त्यामुळे पहाटे ती हमखास खाली येते. स्ट्रटच्या नळीवर न्यूटनमध्ये जोर छापलेला असतो, किंवा पौंडांत. 4.45 न्यूटन म्हणजे एक पौंड. बदलायचे तर लांबी तीच ठेवून थोड्या जास्त जोराचे घ्या, आणि दोन्ही एकदम बदला. तोवर झाडूचा जुना दांडा मापाने कापून टेकू म्हणून पेटीतच ठेवा. डोकं आत असताना फळी मानेवर पडणं हा विनोद नाही, आणि मुलं आसपास असतील तर टेकूशिवाय उघडायचीच नाही.

गादी बदलताना आणखी एक फसगत होते. घरची क्वीन 60 बाय 80 इंचांची, ट्रेलरमधली बहुधा 60 बाय 75 किंवा 74. पाच इंचांनी काय होतंय, असं वाटतं. पण त्या पाच इंचांनी पायथ्याची वाट बंद होते, आणि स्लाइडआउट, म्हणजे भिंतीसकट बाहेर सरकणारा खोलीचा भाग, आत घेताना गादी अडकते ती वेगळीच.

पेटीत काय जावं

रोज न लागणारं, हलकं, ओलं झालं तरी फारसं न बिघडणारं. जादा पांघरुणं, दुसरा चादरींचा जोड, हंगामाबाहेरचे कपडे, पावसाळी जाकिटं, रिकाम्या बॅगा.

मोठ्या कडक प्लॅस्टिकच्या डब्यांपेक्षा कापडी, चेन असलेल्या चौकोनी पिशव्या इथे बऱ्या. नळीच्या वळणाशी त्या दबून बसतात, घरात नेताना घडी होतात आणि रिकाम्या असताना त्यांचं वजन जवळपास नसतं. फक्त पंपाच्या बाजूला एखादा झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा हवा, गळतीच्या भीतीने. पुठ्ठ्याचे खोके नकोत. पुठ्ठा ओल पितो, झुरळ-उंदीर त्यात घर करतात, आणि तळ फुटतो तो बरोबर उचलताना. सगळं सामान तळावर थेट न ठेवता खाली एक इंचाच्या प्लॅस्टिकच्या जाळ्या टाकल्या, तर वाटीभर पाणी सांडलं तरी कपडे वाचतात.

डबे घ्यायच्या आधी पेटीचं नव्हे, पेटीच्या तोंडाचं माप घ्या. कडेची लाकडी चौकट आत आलेली असते, स्ट्रटचे पाय आडवे येतात, आणि दुकानात बरोबर वाटलेला डबा तिरका करूनही आत जात नाही.

हवा काढून चपट्या करायच्या व्हॅक्यूम पिशव्या सगळे सुचवतात. जागा वाचते, वजन तसूभर कमी होत नाही. उलट जागा झाली म्हणून आणखी चार पिशव्या घालायचा मोह होतो. शिवाय प्रवासाच्या हादऱ्यांनी त्यांत हवा शिरते आणि त्या पेटीतच फुगून बसतात. मला त्या घरच्या माळ्यावर आवडतात, ट्रेलरमध्ये नाही.

पांघरुणांत एक मोठं कम्फर्टर घेण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. यलोस्टोनमध्ये तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडला समुद्रसपाटीपासून सात हजार सातशेहून जास्त फूट उंचीवर जुलैतही रात्री गारठा पडतो, आणि त्याच सहलीत खाली युटाच्या वाळवंटात चादरसुद्धा नको होते. आईने भारतातून आणलेली जुन्या साड्यांची गोधडी इथे कमालीची कामाची: हलकी, पातळ, कॉइन लाँड्रीत धुता येणारी. जादा दुलई पेटीत न ठेवता मोठ्या अभ्र्यात घडी करून भरा आणि दिवसा लोडासारखी भिंतीला टेकून ठेवा. आधीच्या लोडाची जागा वाचली.

गादीखालची काळी बुरशी

थंडीच्या सहलीनंतर गादी कडेला उभी करून बघा. खालच्या कापडावर, बरोबर खांदे आणि कंबर टेकते तिथे, सुईने टोचल्यासारखे काळे ठिपके दिसतात. आधी विरळ, मग मध्यभागी एकात एक मिसळलेले, आणि फळीवर त्यांचाच उलटा ठसा. माणसाच्या अंगाची ऊब आणि घाम गादीतून खाली उतरतो, खाली प्लायवूड गारठलेलं असतं कारण त्याखालचा कप्पा तापवलेला नसतो, आणि त्या गार पृष्ठभागावर वाफेचं पाणी होतं. दोन माणसांचा श्वास, आत शेगडीवर उकळलेला चहा, वाळत घातलेले टॉवेल याची भर पडते. प्रोपेन जळतानाही पाण्याची वाफ तयार होते.

पेटी गच्च भरली की हे वाढतं, कारण खालून हवाच खेळत नाही. म्हणून सामानाचा वरचा थर आणि फळी यांत दोन-तीन इंच मोकळे सोडा. गादी आणि बाहेरची भिंत यांत इंचभर फट ठेवा. गादीखाली हवा खेळेल अशी जाड प्लॅस्टिक जाळी मिळते, ती पसरा. लाकडी पट्ट्यांची चटईही चालते. झोपताना छपरावरची 14 बाय 14 इंची खिडकी बोटभर उघडी आणि दुसरीकडची एक खिडकी किंचित सरकवलेली, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. थंडीत उघडायला मन होत नाही, पण करा. दहा-पंधरा डॉलरचा आर्द्रतामापक टांगा आणि काटा पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करा.

ओल शोषणाऱ्या क्षाराच्या डब्या फक्त ट्रेलर उभा असताना. चालत्या ट्रेलरात ते खारं पाणी सांडलं तर कपडे आणि लाकूड दोन्ही खराब होतात.

दोन अरुंद कपाटं

पलंगाच्या दोन्ही अंगांना जेमतेम फूटभर रुंदीची उभी कपाटं असतात. आत एक दांडी, आणि दांडी बहुतेक वेळा लाकडाच्या खाचेत नुसती टेकवलेली. पहिल्या कच्च्या रस्त्यावर दांडी उडते आणि सगळे कपडे ढिगात. खाचेच्या तोंडावर छोटा लाकडी तुकडा स्क्रू करा, म्हणजे दांडी वर उचलली जाणार नाही. हँगर उडू नयेत म्हणून दांडीवरून वेल्क्रोचा पट्टा घट्ट बांधा.

खरं सांगायचं तर टांगायला लागतं ते फार थोडं. दोन-तीन शर्ट, एखादा कोट, आणि वाटेत कुणाच्या गावच्या मंडळाच्या गणपतीला थांबणार असाल तर एक बरा कुर्ता. रेशमी साडी टांगू नकाच. सुती कापडात गुंडाळून, पेटीत सगळ्यांत वर, आडवी. बाकी कपाटात टांगायचे कापडी कप्पे लावले की दांडीखालची सगळी उंची कामी येते. कपड्यांच्या घड्या एकावर एक न रचता घट्ट वळकट्या करून उभ्या लावा: वरून सगळ्या दिसतात आणि एक काढली तरी ढीग कोसळत नाही.

किती कपडे? पाच-सहा दिवसांचे, मग सहल महिनाभराची का असेना. कॅम्पग्राउंडवर लाँड्री असते, गावात असतेच. मळक्या कपड्यांसाठी जाळीची पिशवी दाराच्या मागे लटकवा. ओला स्विमसूट बंद कपाटात किंवा पेटीत ठेवलात तर दुसऱ्या दिवशी बेडरूमभर वास. चपला-बूट बेडरूममध्ये आणायचेच नाहीत. दाराशी पायरीजवळ टोपली. आपल्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही.

वरची कपाटं आणि भिंती

उशाच्या वरच्या कपाटात काय ठेवायचं याची कसोटी सोपी आहे: ते रात्री तुमच्या तोंडावर पडलं तर चालेल का? टॉवेल, मोजे, टोप्या चालतील. पुस्तकं, लॅपटॉप, औषधांच्या काचेच्या बाटल्या नाही. प्रवासाच्या हादऱ्यांनी सामान सरकून दाराला टेकलेलं असतं आणि दार उघडलं की अंगावर येतं. तळाला न घसरणारी रबरी जाळी आणि मध्ये एक आडवी ताणाची दांडी लावली की बरंच आवरतं.

भिंतीवर खिळा ठोकायची घरची सवय सोडा. आतली भिंत म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटरचं प्लाय, त्यामागे फोम किंवा फायबरग्लास, आणि मग थेट बाहेरचं कवच. दीड-दोन इंचांत सगळा मामला आटोपतो. लांब स्क्रू मारलात तर तो बाहेर निघतो, किंवा वाटेतल्या वायरला भोक पाडतो. नुसत्या प्लायमध्ये मारलेला स्क्रू हादऱ्यांनी महिनाभरात सैल होतो. चौकटीचं लाकूड शोधायला छोटं लोहचुंबक भिंतीवरून फिरवा: जिथे चिकटेल तिथे खाली स्टेपल, म्हणजे लाकूड. अॅल्युमिनियमच्या चौकटीवर हे चालत नाही. तिथे कंपनीकडून भिंतीचं चित्र मागवा, नाहीतर स्क्रूचा नाद सोडा.

चिकट पट्ट्यांचे हुक हलक्या वस्तूंना छान. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, हुक दाबून लावा आणि तासभर काही अडकवू नका. पण उन्हाळ्यात बंद ट्रेलर आतून भट्टीसारखा तापतो आणि 105 फॅरनहाइटच्या पुढे पट्ट्यांचा भरवसा नाही. आरसा किंवा फ्रेम त्यांच्या भरवशावर कधीच नको.

उशाशी

ट्रेलरमधला नाइटस्टँड म्हणजे पोळपाटाएवढीही नसलेली फळी. तिच्यावर ठेवलेला चष्मा रात्रीत गादी आणि भिंतीमधल्या फटीत जातो आणि सकाळी गादी उचलावी लागते. गादीखाली खोचायची खिशांची कापडी पट्टी दोन्ही बाजूंना लावा. त्यात चष्मा, टॉर्च, रात्रीची गोळी, फोनची वायर आणि गाडीची किल्ली. किल्लीवरचं लाल बटण दाबलं की गाडी भोंगा वाजवते. बाहेर अस्वल किंवा आगंतुक माणूस असल्याची शंका आली तर अंथरुणातूनच ते उपयोगी पडतं.

मुलांच्या बंकवर (झोपायच्या बर्थवर) दिवसा सामान चढवलं जातंच. बंकला वजनमर्यादेचं स्टिकर असतं, ते वाचा आणि रात्री मुलासकट मोजा.

इथे काहीही ठेवायचं नाही

बेडरूममध्ये एक खिडकी लाल हँडलची असते. ती आणीबाणीची वाट आहे. तिच्यासमोर उशांचा ढीग, टांगलेला ऑर्गनायझर, जाड पडद्याला टाचलेले खिसे, यातलं काही नको. घरातल्या प्रत्येकाने ती एकदा उघडून बघावी. रबर चिकटून बसलेलं असतं आणि पहिल्यांदा जोर लावावा लागतो. आई-वडील भारतातून आले असतील तर त्यांनाही दाखवा, त्यांना जमेल का तेही बघा, आणि बाहेर उतरायला किती उंची आहे ते बघून ठेवा.

जमिनीलगत गॅसचा अलार्म असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. त्याच्यासमोर डबा सरकवू नका. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचंही तेच. दोघांच्या मागच्या बाजूला तारीख असते, ती बघा. भट्टीची जाळी, म्हणजे जिथून ती हवा परत ओढते, ती पलंगाच्या बाजूलाच असेल तर तिच्यापुढे पिशवी ठेवण्याचा मोह आवरा. आणि स्लाइडआउट असेल तर त्याच्या वाटेत जमिनीवर चार्जरसुद्धा राहता कामा नये.

निघताना, आणि हिवाळ्यासाठी बंद करताना

निघायच्या सकाळी पलंगाची फळी नीट बसली आहे का ते हाताने दाबून बघायचं, कपाटांच्या कड्या ओढून बघायच्या, नाइटस्टँड रिकामा करायचा, मगच स्लाइडआउट आत. पहिल्या तासाभरात कुठे पेट्रोलला थांबलात तर बेडरूममध्ये एक फेरी मारा. कपाटाचं दार उघडताना एक हात वर धरा. काय सरकलंय ते तिथेच कळतं, आणि ज्या वस्तूने दोनदा जागा सोडली तिला वेगळी जागा शोधा.

एका मोसमानंतर पेटी पूर्ण रिकामी करून सगळं पलंगावर मांडा. ज्याला त्या वर्षात हात लागला नाही ते घरी. अपवाद फक्त आणीबाणीच्या पांघरुणाचा आणि औषधांच्या पेटीचा.

हिवाळ्यासाठी ट्रेलर उभा करताना कापडाची प्रत्येक वस्तू बाहेर काढा, गोधडीपासून टॉवेलपर्यंत. उंदरांना घरट्यासाठी त्याहून चांगलं काही मिळत नाही. पेटीत नळ्या जिथून जमिनीतून वर येतात त्या भोकांत स्टील वूल कोंबा, मग वर फोम मारा. नुसता फोम ते कुरतडतात. गादी कडेवर उभी करा, कपाटांची दारं उघडी ठेवा आणि फळीला तो झाडूचा दांडा लावून पेटी उघडीच राहू द्या. गॅस स्ट्रटवर नको. फेब्रुवारीच्या गारठ्यात ते फळी खाली सोडतात आणि आतली हवा कोंडते.